दमिएत्ताची इन्शिराह आणि मानेवरचा पापुद्रा

…तर नुआमा काही केल्या मुलीचे केस वर उचलू देईना, इथवर काल आलो होतो.

इन्शिराहचा नियमच तसा. इजिप्तमधल्या त्या दमिएत्तात नवऱ्या सजवणाऱ्या बायका पुष्कळ; पण लग्नाच्या आदल्या दिवशी पोरीला बोलावून, कानामागे रंग टिकवायच्या द्रव्याचा थेंब लावून, "जा आता. सकाळपर्यंत खाज नाही सुटली तरच ये," म्हणून परत धाडणारी ही एकटीच.

नुआमा फणकारली, "अगं, मुलगी आहे माझी, लोणचं नव्हे चाखून बघायला!"

"लोणचं बिघडलं तर फेकता येतं, मावशी. तोंड कुठं फेकणार?"

आणि तिनं केस उचललेच. कानामागून मानेच्या खाली गळ्याच्या हाडापर्यंत पांढरे डाग पसरलेले. कोड. रबाबनं, म्हणजे त्या नवरीनं, आरशात पाहायचं सोडून खाली मान घातली. नुआमानं घाईनं दार लोटलं. सासरी कुणाला पत्ता नव्हता. आणि घरात धाकटी सहर अजून लग्नाची होती. कोड म्हटलं की गाव ते सगळ्या घराच्या रक्तात शोधतं.

इन्शिराहनं डाग नसलेली जागा शोधून थेंब लावला. मग म्हणाली, "झाकू. घामानं जाणार नाही, अश्रूंनी जाणार नाही. आणि माझ्या तोंडूनही जाणार नाही."

कारखान्यात बनलेलं द्रव्य ते, झाडाचा डिंक नव्हे. रंगावर फवारलं की क्षणात वाळतं आणि कातडीवर कांद्याच्या आतल्या सालीसारखा पापुद्रा धरतं. गल्लीतल्या औषधवाल्यानं तिला समजावलं होतं, याचे कण जाडे, कातडीतून आत शिरत नाहीत, वरच बसून राहतात. चावलंच कुणाला तर त्यातला वास चावतो, नाहीतर स्पिरिट. तरी प्रत्येक नवी बाटली ती आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायची.

गाव सगळं सुतारांचं. पलंग, कपाटं, खुर्च्या. हवेला लाखेचा वास. तिच्या कामालाही लोक पॉलिशच म्हणायचे. एखादा मिस्त्री बायकोकडे बोट दाखवून विचारायचा, "इन्शिराह, ही जुनी खुर्ची घासूनपुसून देशील का?" ती म्हणायची, "देते की! पण आधी तुझा पाट घासायला आण, त्याला वाळवी लागलीय." बायका हसून हसून लोळायच्या. असं दुकान होतं ते.

रबाबचं लग्न थाटात झालं. नवरा मुख्तार पंधरवड्यात कामाला कुवेतला गेला. रबाब दर आठवड्याला केस विंचरून घेण्याच्या निमित्तानं यायची, मान झाकून घेऊन जायची. जुना पापुद्रा तेलानं हळूच सोडवायचा, कातडी पुसायची, नवा बसवायचा. कातडीनं कधी कुरकुर केली नाही. तिसऱ्या महिन्यात नणंदेच्या साखरपुड्याला रबाब नटली, नाचली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पेला हातातून सुटला आणि ती पडली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर फुटली.

पण सुतारांच्या गावाला डॉक्टरचं काय पटतंय! दुखवट्याचे दिवस संपले आणि रबाबची सासू उम्म मुख्तार चार बायका घेऊन दुकानात आली.

"काय फासलंस गं तिला? माझ्या घरात तीन पिढ्या पॉलिशचं काम. ओलं लाकूड पॉलिशनं बंद केलं की आतून कुजतं, हे शेंबडं पोरही सांगेल. तू जितीजागती पोर बंद केलीस! श्वास कोंडला तिच्या कातडीचा!"

"मावशी, माणूस नाकानं श्वास घेतं. डॉक्टरांनी—"

"डॉक्टर लाकूड तासतो का? एवढंच सांग. लग्नानंतरही दर आठवड्याला ती इथं कशाला यायची?"

उत्तर जिभेवर होतं. दर आठवड्याला हाच पापुद्रा लावत होते, त्यानं मरायची तर पहिल्याच महिन्यात मेली असती. एवढं बोलली असती तर सुटली असती. पण त्यापुढचा प्रश्न तयारच होता, कुठं लावत होतीस आणि कशाला?

"केस विंचरायला," इन्शिराह म्हणाली.

"दर आठवड्याला? असे कसले बाई केस!" बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यातच दुकान गेलं.

दुसऱ्या दिवशी मयताला न्हाऊ घालणारी हाज्जा बदरिया आली. पाणी अंगाला लागलं पाहिजे म्हणून तिनंच तो पापुद्रा सोडवला होता. आत फक्त नुआमाला राहू दिलं होतं.

"पोरी, मी बघितलंय. खाली पुरळ नाही, फोड नाही, साधी लालीसुद्धा नाही. मेलेल्याचं चांगलं दिसलं तर सांगायची मुभा आहे मला. चौकात उभी राहून सांगते."

"आणि त्या विचारतील, हाज्जा, पापुद्र्याखाली काय होतं?"

मयताच्या अंगावरचं झाकण्यासारखं जे दिसतं ते न्हाऊ घालणारीनं मातीत न्यायचं असतं. सांगायचं आणि झाकायचं, दोन्ही एकाच मानेवर होतं.

"नुआमा बोलेल की," हाज्जा पुटपुटली.

नुआमा बोलली नाही. तिला सहरचं लग्न करायचं होतं.

ठरलेल्या नवऱ्या एकेक करून दुसरीकडे गेल्या. वर्षाच्या आत खुर्च्या विकल्या, आरसा विकला. इन्शिराह चीजच्या कारखान्यात डबे भरायला लागली. मिठाच्या पाण्यात हात दिवसभर बुडालेले. बोटांना चिरा पडल्या. इतकी वर्षं पापुद्र्यानं तिच्या कातडीचं काही वाकडं केलं नव्हतं, मिठानं एका हिवाळ्यात केलं. तिच्याशी थट्टा करणारे मिस्त्री आता कारखान्याच्या खिडकीवर चीज घेऊन मुकाट्यानं पैसे ठेवून जात.

मग सहरचं लग्न निघालं. वरात ढोल वाजवत कारखान्यापुढूनच गेली. सजवणारी नदीपलीकडची, कुणी नवखी बाई. गालांवर रंग असा थापलेला की हसली असती तर तडकला असता. गाडीतल्या नुआमाला इन्शिराह दिसली. नुआमानं काच वर केली.

हाज्जा बदरिया चीज घ्यायला आली होती. तिचा संयम सुटला. "बघितलंस? जिची अब्रू तू झाकलीस ती काच लावून घेते! त्या पोरीला सजवायला तरी तुला बोलवायला नको होतं? वाईट नाही वाटत तुला?"

इन्शिराहनं डबा बंद केला, ओले हात पोटाशी पुसले आणि म्हणाली,

"वाटतं ना, हाज्जा. पण दुसरीकडे नेलं तेच बरं केलं. मी सजवली असती तर हिलाही काय फासलं म्हणून आज सगळं गाव तिची मान निरखत बसलं असतं, आणि निरखत बसणाऱ्याला काही ना काही दिसतंच."