अथेन्सच्या चौकातलं गाठोडं
इथे अमेरिकेत, पार्सिपनीच्या पिकनिकला कणसं भाजली की मला अथेन्सचा तो चौक आठवतो. शहराचा मध्यभाग पायी बघून दमल्यावर, सहलीतल्या एका काकांसोबत मी तिथे कणीस खात उभी होते. पोलीस दिसताच टोप्या विकणाऱ्या बांगलादेशी माणसाने आपलं गाठोडं माझ्या हातात कोंबलं. "दीदी, दो मिनट पकडो, मेरे पास कागज नहीं." काका ओरडले, "ठेव ते खाली! स्टुडंट व्हिसावर आहेस तू!" मी ठेवलं, नेमकं त्याच्याच पायाशी. पोलिसांनी आधी गाठोडं पाहिलं, मग त्याला नेलं. कणीस गार झालं होतं, तरी मी ते संपवलं. आज इथे मी स्थलांतरितांच्या हक्कांची पत्रकं वाटते. 'घाबरू नका, शेजाऱ्यासाठी उभे राहा,' हे त्यातलं बेशरम वाक्य माझंच आहे.