निकालाच्या दिवशीचा हार

आमचे शेजारचे काका सन-तारीख सांगत नाहीत, महापौर सांगतात. थोरलीचं लग्न लांब भाषणवाल्यांच्या वेळचं, घरातला नळ गॉगलवाल्यांच्या वेळचा. स्वतःचा जन्म मात्र काठीवाल्या अध्यक्षांच्या काळातला, कारण तेव्हा झाशीला नगरपालिका होती, महापौर फार पुढे आले. काकांची सारी नोकरी तिथेच कारकुनीत गेली. पण एकाही महापौराबद्दल त्यांच्या तोंडून कधी बरा शब्द आला नाही. रोज चहाबरोबर कुणाची तरी नक्कल व्हायची आणि काकू म्हणायच्या, "पुरे करा, कुणी ऐकेल."

यंदा महापौरपदाच्या निवडणुकीचा निकाल लागला त्या दुपारी काका झेंडूचा हार घेऊन माझ्या स्कूटरवर बसले. मला हसू आलं. शेवटी हेही निघाले नव्या महापौरांच्या दारी. ढोल प्रेम नगरकडे वाजत होते, मी तिकडे वळलो.

"उलटा कुठे चाललास, भैया? दतिया गेटला घे."

"अहो काका, तिथे तर जुने राहतात. हरलेले."

"ठाऊक आहे."

एरवी त्या दारात चपला काढायला जागा नसायची. आज दोनच जोड होते. दार महापौरांनी स्वतः उघडलं आणि सवयीने विचारलं, "कहिए, क्या काम था?"

काकांनी त्यांच्या गळ्यात हार घातला.

"काम कुछ नहीं है जी, इसीलिए आज आए हैं. चाय पिलाइए."