दोन गेल्यावर तिसऱ्याचं नाव

मी ऑफिसात नेमकं काय करते, हे सात वर्षांत मला सासूबाईंना समजावून सांगता आलेलं नाही. "वैशाली मोटारीच्या डब्यात काहीतरी करती," असं त्या शेजारी सांगतात आणि ते अगदीच खोटं नाही. कामाचं सांगावं तर कुणाला कळत नाही, म्हणून घरी आल्यावर ऑफिसातले किस्सेच सांगायचे. ते इतके साचलेत की कुठला किस्सा तिसऱ्यांदा चाललाय हे आता नवराच मला सांगतो.

तर आमचं ऑफिस अंबाजोगाईत, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या रस्त्यावर, बियाण्यांच्या दुकानाच्या वर. कंपनी पुण्याची. शेतातल्या मोटारीला स्टार्टरचा डबा असतो ना, त्याच्या आतला मेंदू, म्हणजे मायक्रोकंट्रोलर चिप, आम्ही इथं डिझाइन करतो. लाइट आली की मोटार चालू, विहिरीतलं पाणी खाली गेलं की बंद, आणि मालकाच्या मोबाइलवर मिस्ड कॉल. चिप नखाएवढी, पण घडवायला दीड-दोन वर्षं जातात. आम्ही चौघं आहोत. इथले मुख्य डी. जी. सर, डिझाइनला निखिल, टेस्टिंगला अस्लमभाई, आणि डेटाशीट लिहायला मी. डेटाशीट म्हणजे चिप कशी वापरायची त्याचं पुस्तक. पाचव्या कमलमावशी. चहा त्यांचा, आणि बहुतेक बाबतीत शेवटचा शब्दही त्यांचाच.

*

पहिल्या चिपचं नाव पुण्याच्या साहेबांनी ठेवलं होतं, सम्राट. मे महिन्यात घाटनांदूरला जालिंदरकाकांच्या शेतात ती पत्र्याच्या डब्यात बसवली. दुपारी अस्लमभाईंनी डबा उघडून चिपला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं. चटकाच बसला होता.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"सम्राट गेले, सर."

दुसरीचं नाव अजिंक्य. तेही पुण्याहूनच आलं. ही अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी लाइट कमी-जास्त झाली, चिप गडबडली, रिकाम्या विहिरीत मोटार चालूच राहिली आणि जळाली. जालिंदरकाका डबा पिशवीत घालून स्वतः ऑफिसात आले.

"हे तुमचं अजिंक्य घ्या," ते म्हणाले, "अन् माजं जुनं बटन मला द्या."

आणि चहा न घेता गेले. आमच्या भागात माणूस चहा न घेता गेला म्हणजे काय, ते सांगायला नको.

त्याच आठवड्यात पुण्याच्या साहेबांनी व्हिडिओवर सांगितलं की तिसरा प्रयत्न शेवटचा. घाटनांदूरच्याच डब्यात चिप चाळीस दिवस चालली तर ऑफिस राहील, नाहीतर अंबाजोगाई बंद, ज्याला यायचं त्यानं पुण्याला यावं. निखिलला कुठंही नोकरी मिळेल. पण माझ्या नवऱ्याचं औषधाचं दुकान मेडिकल कॉलेजसमोर, ते काही उचलून नेता येत नाही. अस्लमभाईंच्या घरात आजोबांपासून मोटार वाइंडिंगचं काम, त्यांना पुण्यात कोण ओळखतं? सर नुसतं "बघू" म्हणाले. मला घरी जाताना रडू आलं. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मागच्या गल्लीनं गेले.

*

डी. जी. सरांबद्दल सांगायला हवं. रिटायर होऊन ते आमच्याकडे आले. त्याआधी कॉलेजात शिकवायचे, गावातले निम्मे इंजिनिअर त्यांच्या हाताखालून गेलेत. पण डी. जी. म्हणजे काय, हे कुणालाच माहीत नाही. कुणी दत्तात्रय म्हणतं, कुणी दिगंबर. निखिलच्या वडिलांनी सरांच्या लग्नाची पत्रिका पाहिली होती. त्यातही 'चि. डी. जी.' असंच छापलेलं होतं म्हणे.

एकदा कुरिअरवाला पार्सल घेऊन आला. "सर, पूर्ण नाव सांगा. त्याबिगर देता येत न्हाई, मोबाइलात टाकावं लागतंय."

सरांनी हातातलं पेन परत खिशाला लावलं.

"परत पाठवा," ते म्हणाले.

त्या पार्सलात टेस्टिंगचं सामान होतं आणि आम्ही तीन आठवडे त्याची वाट बघत होतो.

*

तिसऱ्या चिपचं डिझाइन तयार झालं. ती बनवणारा कारखाना परदेशात, त्यांचा फॉर्म आला. चिपच्या पाठीवर कोरायचं नाव भरा, इंग्रजी आठ अक्षरांच्या आत, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. माझ्या डेटाशीटच्या प्रत्येक पानावर नावाच्या जागी फुल्या होत्या, म्हणून सगळ्यात घाई मलाच.

पुण्याहून एका जाहिरातवाल्याची यादी आली. प्रत्येक नावात एक एक्स, नाहीतर झेड. निखिल उभा राहून एकेक वाचत होता. 'झेलोरिक्स' आलं तसं अस्लमभाईंनी सोल्डरिंग गन खाली ठेवली.

"हे जेवणाआधी घ्यायचं का नंतर?"

*

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. बुधवारी एका पुढाऱ्याचे दोन कार्यकर्ते जिना चढून आले. पांढरे कपडे, गॉगल डोक्यावर.

"सर, आपल्या मातीत चिप बनतीय, लई अभिमान हाय. भाऊंचं नाव द्या तिला. फ्लेक्स, हार, सत्कार, समदं आमच्याकडं."

सरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं.

"देऊ की," ते म्हणाले. "फक्त याआधी दोन बंद पडल्यात. ही पडली तर गावोगावचे लोक म्हणतील, भाऊ भर उन्हात बंद पडले. चालेल ना?"

दोघं उठले. पाणीसुद्धा अर्धंच प्यायले.

*

निखिलनं आडून आडून 'ईश्वरी' सुचवलं. अर्थ चांगला आहे, सात अक्षरांत बसतं, वगैरे. ईश्वरी ही त्याची होणारी बायको, हे आम्हाला ठाऊक नाही असं त्याला वाटत होतं. मीही काही बोलले नाही, म्हटलं बघू किती ताणतोय.

गुरुवारी सकाळी ऑफिसचा फोन वाजला, मी उचलला.

"ताई, मी ईश्वरी बोलतेय. याच्या आधीच्या दोन गेल्यात म्हणे?"

"हो."

"मग माझं नाव काढा."

*

हे ऐकून आम्ही हसत होतो, तेवढ्यात कमलमावशी चहा घेऊन आल्या. मावशी मूळच्या धर्मापुरीच्या. त्यांनी सगळं विचारून घेतलं. आधीच्या दोघींची नावं ऐकली आणि ट्रे टेबलावर आपटला.

"दोन गेली अन् तिसऱ्याला बी असलीच नावं हुडकता? कावून, कशापायी? आमच्याकडं लेकरं जगत नसली की पुढचं लेकरू सुपात घालून उकिरड्यावर ठिवायचे. मग आत्यानं जाऊन उचलून आणायचं अन् म्हनायचं, हे आमचं न्हाई, सापडलंय. नाव ठिवायचं दगडू. दगडाला कोन कशाला नेतंय?"

निखिल हसून लोळायचा बाकी होता. "मावशी, पुढच्या पिढीची चिप आहे ही."

"पुढची पिढी जगाय नको का?" मावशी म्हणाल्या.

अस्लमभाई हसले नाहीत. "आमच्यात बी हाय हे. माझ्या चुलत्याचं नाव घुडू. घुडा म्हंजे उकिरडाच. नव्वद वर्षं जगला."

निखिलनं गंमत म्हणून फळ्यावर इंग्रजीत DAGDU लिहिलं. सर खुर्चीतून उठले, फळ्यापाशी गेले आणि ते हातानं पुसलं. डस्टर तिथंच होतं.

"हे टेक्निकल ऑफिस आहे," ते म्हणाले. "कामाला लागा."

त्यांचा चहा तसाच राहिला. मावशींनी तो नंतर ओतून दिला. मला सरांचा राग आला. एवढं काय झालं होतं चिडायला?

*

शुक्रवारी पावणेबारा. पुण्याचे साहेब व्हिडिओवर. ते 'अजिंक्य टू'वर अडून बसले होते. नावात सातत्य पाहिजे, म्हणत होते. मी म्हटलं, सातत्य आहेच, दोन्ही वेळा चिप गेली. हे मी मनात म्हटलं.

सरांनी निखिलला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः कीबोर्डसमोर बसले. एका बोटानं पाच अक्षरं टाइप केली. बटण दाबलं. फॉर्म गेला.

स्क्रीनवर नाव आलं. मग साहेब म्हणाले, "डी. जी., दगडू? हे काय आहे? लोक हसतील."

"हसू द्या. दोन वेळा तुमचं ऐकलं, साहेब."

"पण काही कारण?"

"आठ अक्षरांत बसतं," सर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

*

त्या दुपारी मी डेटाशीटमधल्या सगळ्या फुल्या काढून नाव घातलं. मग ते इंग्रजी पुस्तक अस्लमभाईंना मराठीत वाचून दाखवलं. दगडूला उलटं बसवू नये. दगडूला ओल्या हातानं शिवू नये. पाच मिनिटं काम नसेल तर दगडू आपोआप झोपतो.

"असले दोन माझ्या घरी हायत," अस्लमभाई म्हणाले.

*

मार्चमध्ये चिपा आल्या. भिंगाखाली धरून पाहिलं, प्रत्येकीच्या पाठीवर नाव. सर बराच वेळ भिंगातून बघत होते.

जालिंदरकाका पुन्हा डबा बसवू द्यायला तयार नव्हते. अस्लमभाई घाटनांदूरला जाऊन त्यांच्याकडे दोनदा चहा प्यायले, तेव्हा कुठं हो म्हणाले. ठरलं असं, की काकांनी रोज चार वाजता ऑफिसच्या फोनवर खबर द्यायची. फोन निखिल घ्यायचा, मग फळ्यावर एक रेघ मारायचा.

अकराव्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही. बाराव्या दिवशी फोन आला, "चालू हाय." मी टाळी वाजवायला गेले तर मावशींनी माझा हात धरला. "चांगलं चाललंय म्हनू नका. नजर लागती."

मग ऊन वाढलं. लाइट दिवसातून दहादा यायची-जायची. छत्तिसाव्या दिवशी चार वाजता फोन आलाच नाही. साडेचार झाले, पाच झाले. अस्लमभाईंनी गाडी काढली, मी खिडकीत उभी राहून नखं खाल्ली. साडेपाचला फोन आला. काका लग्नाला गेलते, तिथं रेंज नव्हती.

चाळिसाव्या दिवशी सगळे चारच्या आधीच फोनभोवती जमलो. पुण्याचे साहेब व्हिडिओवर होतेच. मावशी दारात, पदर तोंडाला लावून. फोन वाजला. निखिलनं हात पुढं केला, पण सरांनी आधी उचलला आणि स्पीकर चालू केला.

"हॅलो, जालिंदर बोलतोय, घाटनांदूर. चालू हाय. सकाळी पानी खाली गेलतं, तवा आपोआप बंद झाली. आता पुन्हा सुरू हाय. अन् डबा काढू नका आता, राहू द्या आमच्याकडंच."

फळ्यावर चाळिसावी रेघ मारायची कुणाला आठवण राहिली नाही.

"आवो, ऐकू येतंय का? निखिल न्हाईत व्हय? कोन बोलतंय?"

सरांनी रिसीव्हर या हातातून त्या हातात घेतला.

"दगडू," ते म्हणाले. "दगडू गणपतराव बोलतोय."