बोरिवलीची कणीक, मुलुंडचा पखवाज

या ब्लॉगवर स्पिती आहे, हंपी आहे, एकदा व्हिएतनामही झालं. बोरिवली ते मुलुंड मात्र पहिल्यांदाच. थेट गेलात तर पंचवीसेक किलोमीटर, वाकड्या वाटेने गेलात तर अख्खा रविवार. मी वाकड्या वाटेने गेले. तेही हौसेने नाही. घरातला पखवाज मुलुंडला पोचवायचा होता आणि बाबा जायला तयार नव्हते.

आधी थोडी माहिती देते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं गाव सडेवाडी, तालुका देवगड. गावच्या माणसांचं मुंबईत एक भजन मंडळ आहे. मंडळाला स्वतःची खोली नाही आणि सगळी वाद्यं मावतील एवढी जागा कोणाच्याच घरात नाही. म्हणून पेटी अंधेरीला, झांज घाटकोपरला आणि पखवाज गेली सव्वीस वर्षं बोरिवलीला आमच्या पोटमाळ्यावर. कार्यक्रम असला की वाद्यं आपापल्या घरून निघतात. नियम एकच: जो वाजवतो त्याच्या घरी वाद्य राहतं.

दीड वर्षापूर्वी बाबांच्या उजव्या हाताची बोटं आखडायला लागली. डॉक्टर झाले, तेल झालं, व्यायाम झाले. बोटं काही सुटली नाहीत. शेवटी मंडळाने नवा पखवाजवाला शोधला, मुलुंडचा सुहास. रविवारी मंडळाचा कार्यक्रमही मुलुंडलाच होता, त्यामुळे पखवाज आता तिकडे जाणार आणि तिथेच राहणार. सुहास सडेवाडीचा नाही, वेंगुर्ल्याचा आहे, हे बाबांनी मला आठवड्याभरात चार वेळा सांगितलं.

"तुम्ही पण चला ना बाबा. ऐकायला," मी म्हटलं.

"पाहुण्यासारखा खुर्चीवर बसू? नाही जमणार मला."

हे ते रागाने म्हणाले नाहीत. पण सव्वीस वर्षं मंडळात बसलेल्या माणसाला उद्यापासून मंडळात काहीच काम नसणार, हे त्यांना कळलं होतं आणि मलाही. मला वाईट वाटलं. त्याच वेळी, खरं सांगायचं तर, पोटमाळ्यावर माझी ट्रेकची सॅक मावेल असंही मनात आलं. ती दोन वर्षं दाराआड उभी आहे आणि येणारा प्रत्येक माणूस तिला अडखळतो.

दुपारी एकला बाबांनी परात घेतली. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, त्याशिवाय त्यातून खोल आवाज येत नाही. ती कणीक बाबा नेहमी स्वतः मळायचे. आजही मळली. वाजवायला वेग लागतो, मळायला जोर, आणि जोर अजून आहे. गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी स्टीलच्या डब्यात घातला आणि डबा माझ्या हातात दिला. "उन्हात धरू नकोस," एवढंच म्हणाले.

देवीपाडा स्टेशनवरून मेट्रो घ्यावी, रविवारी दुपारी बसायला जागा मिळते. पखवाज असेल तर दहा मिनिटं हाताशी ठेवा, कारण तो तपासणीच्या यंत्रात आडवा घालावा लागतो. माझा पखवाज पास झाला, डबा अडला.

"इसमें क्या है?"

"आटा है."

"खाना है?"

"नहीं, ढोल को लगाना है."

रक्षकाने गोळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मागच्या बाईची पर्स तपासायला घेतली. ढोल म्हटल्याबद्दल बाबांनी मला फाडून खाल्लं असतं.

गुंदवलीला उतरून पुलावरून दुसऱ्या मेट्रोत जायचं आणि एकच स्टेशन पुढे, चकाल्याला उतरायचं. तिथे परब बुवांचं घर. बुवा म्हणजे मंडळाचे गायक, अंधेरीची ती पेटीही तेच वाजवतात. एका कुरिअर कंपनीत हिशेब बघतात, आवाज पहाडी, उंची पाच फूट. जिन्यात माझी चाहूल लागताच वरून हाक आली.

"ये गो ये! नाना नाय इलो?"

नाना म्हणजे माझे बाबा. नाही म्हटल्यावर बुवांनी माझ्यापुढे घावणे ठेवले. मऊ, जाळीदार, सोबत गूळखोबरं. माझ्या आजवरच्या प्रवासातलं हे सगळ्यात चांगलं फुकटचं खाणं. खाताना त्यांनी मागच्या बारीची गोष्ट सांगितली. बारी म्हणजे दोन बुवांचा सामना: एकाने भजनातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने भजनातूनच उत्तर द्यायचं. त्या दिवशी बाबा नव्हते, पखवाज वाजवायला उसना माणूस आणला होता आणि कणीक आणायचं काम झांजवाल्या बाबूकाकांकडे दिलं होतं.

"बाबून काय करूचा? तांदळाचा पीठ घेऊन इलो! मी गजराक हात वर केलंय आणि हय धपकन पीठ खाली. समोरचो बुवा पोट धरून हसता. सडेवाडीची लाज गेली, लाज!"

सांगताना तेच जास्त हसत होते. मग एकदम थांबले. "तुझो बाबा आसतो तर झाला नसता."

चकाला ते घाटकोपर मेट्रोला वीस मिनिटंही लागत नाहीत आणि भाडं चाळीसच्या आत. साकीनाक्यावर खाली गाड्या तुंबलेल्या दिसल्या की वर बसल्याचा आनंद दुप्पट होतो. बुवांनी पेटी मांडीवर घेतली होती. शेजारच्या आजोबांनी विचारलं, कुठलं मंडळ? बुवांनी तालुक्यासकट सांगितलं. आजोबा राजापूरचे निघाले. पुढची तीन स्टेशनं कुठला हापूस खरा यावर गेली आणि घाटकोपर आलं तरी निकाल लागला नाही. गाव सोडून चाळीस वर्षं झालेली ही माणसं गावाबद्दल इतक्या खात्रीने कशी बोलतात, हे मला नेहमी कोडं वाटतं. मी उभ्या जन्मात सडेवाडीला सहा वेळा गेले असेन.

घाटकोपर पूर्वेला बाबूकाका झांजा घेऊन खाली उभेच होते. इलेक्ट्रिशियन आहेत, मंडळाचा माइकही तेच बघतात. तांदळाच्या पिठाचा विषय मी काढला नव्हता, त्यांनीच काढला.

"ह्या बुवान सांगितलान ना तुका? अगो, आमच्या घरात भाकरीचाच पीठ आसता. पीठ आण म्हटल्यान, मी आणलंय! कसला ता सांगूक नको?"

खाऊगल्लीत चीज घातलेला डोसा दीडशेच्या घरात मिळतो. मी घेतला, बाबूकाकांनी एक घास खाऊन डोशाची वाट लावलीय असं जाहीर केलं आणि उरलेला संपवला. तिथून मुलुंडला रिक्षा केली. मीटरने सव्वादोनशे झाले. तिघं मागे, मांडीवर पेटी, पायांत पखवाज, डबा माझ्या हातात. विक्रोळीपर्यंत मी तो उन्हाच्या बाजूने धरला होता हे लक्षात आल्यावर बाजू बदलली.

मुलुंडला एका सोसायटीच्या आवारात मांडव होता. सुहास तिथे आधीच पोचला होता. पस्तिशीचा, छोट्या कारखान्यात लेथवर काम करतो, बोलायला लाजरा. त्याने स्वतःची कणीक आणली होती. गव्हाचीच, बाबूकाकांनी वास घेऊन खात्री केली. मी डबा पुढे केला.

त्याने फडकं सोडलं, गोळा दाबून पाहिला. मग स्वतःची पिशवी बाजूला ठेवली आणि बाबांची कणीक थापायला घेतली. थाप मारली. आवाज आला, पण घुसमटलेला. परत मारली, तेच.

"ताई, नानांना फोन लावता का?"

मी लावला आणि स्पीकर सुरू केला. सुहासने फोन पखवाजाजवळ धरायला सांगितला आणि तीन थापा मारल्या. 

"जास्त लावलीस," बाबांचा आवाज आला. "मधली लिंबाएवढी काढ. कडेची राहू दे."

त्याने काढली. थाप मारली. या वेळचा आवाज मला पायाखालच्या स्टेजच्या फळीतून कळला.

"हां," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "हात चांगला आहे रे तुझा."

"तुमची कणीक वेगळीच आहे नाना. आमची इतकी धरत नाही. पुढच्या वेळी पण द्याल?"

नेमका तेव्हाच बाबूकाकांनी माइक तपासायला घेतला, त्यामुळे बाबा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. 

बारी साडेसहाला सुरू झाली. गाण्याआधी बुवा वादकांची नावं घेतात, तशी घेतली. झांजेवर बाबू, सडेवाडी. पखवाजावर सुहास, वेंगुर्ला. "आणि कणीक," बुवा माइकवर म्हणाले, "नाना, बोरिवली!" मांडव हसला. बुवा हसले नाहीत. बारी कोण जिंकलं यावर अजून दोन मतं आहेत.

मी रिकाम्या डब्यासह घरी परतले. बाबा जागेच होते. गर्दी किती होती, बुवांचा आवाज बसला नाही ना, एवढं त्यांनी विचारलं. पुकारलेलं नाव मी सांगितलं, तर "बुवा काहीही बोलतो" म्हणाले आणि पुढची बारी कधी आहे ते विचारलं. तीन आठवड्यांनी, म्हटलं. त्यावर, तयार पिठात दम नसतो, गहू दळून आणायला हवेत, असं म्हणून झोपायला गेले.

असा प्रवास करायचा असेल तर सामान कमी ठेवा आणि पाणी सोबत घ्या, यापलीकडे माझ्याकडे सल्ला नाही. पखवाज मुलुंडलाच राहिला. सकाळी मी सॅक ठेवायला स्टूल घेऊन पोटमाळ्यावर चढले. पखवाजाच्या जागी, पखवाजाच्याच जुन्या चादरीवर, स्टीलचा डबा धुऊन पुसून ठेवलेला होता.

सॅक अजून दाराआडच आहे.