घैसासकाकांचा तिसरा डाव

घैसासकाकांची पहिली ओळख मला त्यांच्या आवाजाने झाली. पुण्याहून पीएचडीसाठी हॅनोव्हरला नुकताच आलो होतो. ट्रामच्या थांब्याकडे जाताना एका मैदानातून खणखणीत मराठी ऐकू आलं, "खाली! अरे, अजून खाली!" डोकावून पाहतो तर हेल्मेट घातलेले पाच धिप्पाड जर्मन मुकाट्याने गुडघ्यांत वाकत होते. मी "नमस्कार" म्हणालो. काकांनी माझा शंभर किलोंचा ऐवज नीट न्याहाळला आणि म्हणाले, "अगंबाई! मराठी आहेस? उद्या बूट घेऊन ये!"

त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य आहे. म्हणूनच साठीच्या या गौरवग्रंथात मी थोडं भांडणारही आहे. हा मोसम संपला की शिकवणं थांबवायचं, असं काकांनी गेल्या महिन्यात क्लबला कळवून टाकलं आहे. आमच्यापैकी एकालाही ते मान्य नाही.

ज्यांना त्यांचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिनकरराव घैसास लहानपणीच आईवडिलांबरोबर कॅनडाला गेले. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याच्या त्या धसमुसळ्या खेळात, त्यांनी जवळजवळ तीस वर्षं सहायक प्रशिक्षक म्हणून काढली. चेंडू नेणाऱ्यासाठी वाट मोकळी करणारे जे पाच जण असतात ते त्यांचे विद्यार्थी. या पाचांचा चेंडूला सहसा हातही लागत नाही, आणि वर्तमानपत्रात त्यांचा फोटो येत नाही. सामना संपला की काका आधी त्यांच्याकडे जायचे. मार लागलेल्याच्या खांद्यावर बर्फाची पिशवी स्वतः धरायचे, मग बाकीच्यांशी हस्तांदोलन.

एल्केकाकू मूळच्या हॅनोव्हरच्या. त्यांच्या आई थकल्या, तेव्हा कॅनडातली नोकरी सोडून काका इथे आले आणि आमच्या क्लबात पुन्हा सहायक प्रशिक्षकच झाले. "मी घरजावई आहे बाबा," असं ते हसत सांगतात. सासूबाईंना व्हीलचेअरवरून फिरवायला नेणं हे त्यांचं रोज सकाळचं काम होतं, सामन्याच्या दिवशीसुद्धा. त्यांचं मराठी फक्त आईकडून आलेलं. त्यामुळे सहा फुटी माणूस दचकला की "अय्या!" म्हणतो. आम्ही हसतो, आणि तेही हसतात. माझा गुडघा दुखावला तेव्हा त्यांनी डब्यातून मुगाची खिचडी आणली होती. तिच्यात मीठ नव्हतं. मी ती सगळी संपवली, कारण समोर बसून ते विचारत होते, "आईसारखी झाली ना रे?"

आता तो सामना. जिंकलो तर क्लब वरच्या गटात जाणार होता. ऐन वेळी मुख्य प्रशिक्षकांच्या अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, आणि सगळी सूत्रं काकांकडे आली. मुख्य प्रशिक्षक तर मोसम संपल्यावर पद सोडून स्पेनला जाणारच होते. पदाधिकारी म्हणाले, "तर मग, आज जिंका, पुढच्या मोसमात मुख्य प्रशिक्षक तुम्हीच." आयुष्यभर सहायक राहिलेला माणूस! काकूंनी शर्टाला कडक इस्त्री केली होती.

शेवटची काही मिनिटं उरली होती, आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. चेंडू आमच्याकडे होता. तो हातात ठेवून वेळ काढायचा होता. आता कॅनडात चेंडू दहा यार्ड पुढे न्यायला तीन डाव मिळतात. दोन फुकट गेले, की तिसऱ्याला बहुधा लाथ मारून चेंडू लांब पाठवतात. जर्मनीत अमेरिकन नियम, इथे डाव चार. आमचे दोन फुकट गेले, आणि काका ओरडले, "किक!" आमचा किकर येन्स दोनदा वळून बघत मैदानात गेला. पण कोचचा शब्द तो शब्द. त्याने लाथ मारून चेंडू लांब पाठवला. समोरच्यांनी तो झेलला, आणि थेट आमच्या टोकापर्यंत पळत नेला, म्हणजे त्यांना सहा गुण. आम्ही हरलो.

ड्रेसिंग रूममध्ये एक पदाधिकारी येन्सवर उखडले, "तू विचारायला नको होतंस?" काका मध्ये उभे राहिले. "येन्सने मी सांगितलं ते केलं. चूक माझी आहे, फक्त माझी." ते पद दुसऱ्याला मिळालं. पुढच्या सरावाला काका सगळ्यांच्या आधी हजर होते, आणि त्या नव्या प्रशिक्षकांसाठी शंकू मांडत होते. मला मात्र फार वाईट वाटलं होतं. सामन्याच्या दिवशी परतताना मी गाडीत त्यांच्या शेजारी बसलो होतो. तेच म्हणाले, "अगंबाई, काय केलं रे मी! तिसऱ्यालाच शेवटचा समजलो!" आणि पोट धरून हसले. हसता हसता डोळे पुसले, तेही मी पाहिलं.

तेव्हापासून आमच्यात एक रीत पडली आहे. सरावात कुणी धापा टाकत बसला की बाकीचे जर्मन पोरगे ओरडतात, "अजून एक आहे!" ही दोन मराठी वाक्यं त्यांना येतात : एक हे, आणि दुसरं "अजून खाली". आपल्या इथल्या किती मराठी मुलांना एवढं तरी येतं?

काका, आपण निरोगी राहावं, गुडघ्यांनी साथ द्यावी, काकूंबरोबर आपण शंभरी पाहावी, अशी मनापासून प्रार्थना. पण साठीला "आता पुरे" म्हणणं म्हणजे पुन्हा तेच झालं. हे कॅनडा नाही. मंगळवारी सराव आहे, पाचही जण वाकून उभे असतील, आणि येन्सला मी सांगून ठेवलंय : या वेळी कोच कितीही ओरडले तरी लाथ मारायची नाही. अजून एक आहे.