दादाने पाहिलेला फ्लॅट

घटस्फोटाचा निकाल लागला तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि अफझलगंजला दादाकडे, भाचीच्या खोलीत राहत होते. वहिनी कधी काही बोलली नाही. पण भाचीची पुस्तकं हॉलमधल्या सोफ्यावर आली होती, आणि मला ती रोज दिसत.

महिन्याभरात दादाने कुकटपल्लीला एक फ्लॅट शोधून काढला. तिसरा मजला, दोन खोल्या, बाल्कनीसमोर एका कारखान्याचे पत्रे.

"किरायाच्या घरात आज आहेस, उद्या नाहीस. स्वतःचं असलं की कोणी ऊठ म्हणत नाही," तो म्हणाला. मला पटलं. मग चप्पल घालता घालता म्हणाला, "कागदावर माझंही नाव टाकू. एकट्या बाईला बँक कर्ज देत नाही."

मी मान हलवली, पण ते वाक्य मनातून जाईना. अठरा वर्षांच्या संसारात नवऱ्याने बोट ठेवलं तिथे मी सही केली होती. आमच्या राहत्या घराच्या कागदांवर मी मालकीण नव्हते, नुसती साक्षीदार होते, हे मला कोर्टात कळलं. आता दादा दलालाचा फोन आला की गॅलरीत जाऊन तेलुगूत हळू बोलायचा. मी स्वयंपाकघरात गेले की वहिनी विषय बदलायची. सख्ख्या भावावर संशय घेते म्हणून लाज वाटे, पण संशय काही कमी होत नव्हता.

एका शनिवारी मी शिकवते ती शाळा सुटल्यावर कुणाला न सांगता बँकेत गेले. तिथल्या बाईंनी पगाराचे कागद बघितले. "तुमचं एकटीचं नाव पुरे. नाही मिळत म्हणून कोण बोललं?"

"असंच विचारलं," मी म्हटलं आणि तशीच कुकटपल्लीची बस धरली.

दादाबरोबर एकदा येऊन गेले होते, म्हणून वॉचमनने मला ओळखलं. "भाईसाब परसों आए थे," तो म्हणाला. "फोन में फोटो बताए. ये आदमी आया तो अंदर छोड़ना नक्को बोले."

फोटो कुणाचा, ते मी विचारलं नाही. वर फ्लॅट बघायलाही गेले नाही.

घरी येऊन दादाला बँकेचं सांगितलं. त्याने पेपरची घडी घातली.

"तू दोनदा नवऱ्याकडे परत गेलीस," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा गेलीस तर? घर तुझ्या एकटीच्या नावावर असेल, तर तो आठ दिवसांत लिहून घेईल. माझी सही लागली तर जमणार नाही."

दोनदा मी खरंच गेले होते.

"आणि तुझं नाव कधी काढणार होतास?"

"ते पुढे बघितलं असतं," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

वहिनीने पानं वाढली. आम्ही जेवायला बसलो. मला दादाची माया दिसत होती आणि ते 'पुढे बघितलं असतं'ही ऐकू येत होतं. दोन्हीतलं कुठलं खरं, हे कळावं म्हणून मी कागदावर त्याच्याशी स्वतःला बांधून घेणार नव्हते. आणि एकटीच्या नावावर घ्यायला माझा माझ्यावरही भरवसा नव्हता. विकत घ्यायचं नाही, हे त्या ताटावरच ठरलं.

मलकपेठला शाळेजवळ एका म्हाताऱ्या बाईंच्या घराचा वरचा मजला मिळाला. "मर्द किदर रहते?" त्यांनी पहिलं हेच विचारलं. मी खरं ते सांगितलं. मग अकरा महिन्यांचा करार मी ओळ न ओळ वाचत बसले, तोवर त्यांनी आणलेला चहा निवला.

"हम पे भरोसा नई क्या?"

"अभी किसी पे नई है, अम्मा."

त्यांनी चष्मा लावला, करार माझ्या हातातून घेतला आणि स्वतःही पहिल्यापासून वाचला. खाली पाहुणे येण्याबद्दलची एक अट त्यांनी पेनाने वाढवली. मी ती खोडायला लावली.

तिथे मला आता तिसरं वर्ष आहे. कोणी आलं की बाई अजून जिन्यात येऊन बघतात. दादा रविवारी येतो, जेवतो, पंख्याचा आवाज येतो म्हणून तेल घालून देतो. फ्लॅटबद्दल आम्ही बोलत नाही.