बाईंचा कायदा
डोळ्यांच्या इस्पितळात सगळे त्यांना पट्टीमावशी म्हणत. जिन्याखालच्या खोलीत बसून त्या कापूस आणि जाळीच्या कापडाच्या, डोळ्यावर ठेवायच्या पट्ट्या करत. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात गावभर फटाके उडत, म्हणून त्याआधी दोनशे पट्ट्या जास्तीच्या करून ठेवाव्या लागत. हे त्यांना कुणी सांगायची गरज नसे. त्यांचा स्वतःचा डावा डोळा अकराव्या वर्षी बाटलीतून सुटलेल्या बाणाने गेला होता.

तेव्हा कुणी तक्रार केली नाही. ज्यांच्या अंगणातून बाण आला ते शेजारी दुसऱ्या दिवशी मोसंबी घेऊन आले, आईने चहा केला, "पोर मध्ये कशाला गेली कोण जाणे" एवढं बोलणं झालं आणि विषय मिटला. मावशींनीही तो मनातून मिटवला होता, धाकट्या बहिणीचा हात भाजेपर्यंत.

धाकटी शाळेत शिकवायची. बसथांब्यावर उभी असताना कुणीतरी पेटवून फेकलेला फटाका तिच्या वह्यांच्या पिशवीत पडला. तो काढायला गेली आणि उजव्या हाताची दोन बोटं गमावून बसली. पण ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. डाव्या हाताने अर्ज लिहायला शिकली, वर्तमानपत्रांत बोलली, तीन वर्षं सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि शेवटी कायदा करून घेतला. अठरा वर्षांखालच्यांना फटाके विकायचे नाहीत, बाण पूर्ण बंद, आणि उडवायचे तर नेमून दिलेल्या मैदानावर, जिथे प्रथमोपचाराची माणसं बसलेली असतील. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. लोक त्याला 'बाईंचा कायदा' म्हणत.

कायदा व्हायच्या आधी धाकटी मावशींकडे आली होती. "ताई, समितीपुढे तूही बोल ना. तुझा डोळा बघून त्यांना जास्त कळेल."

"मला नाही बाई बोलता येत. तुला येतं, सगळ्या जगाला माहीत आहे."

"असं काय लावून बोलतेस?"

"कुठे लावून बोलले? कौतुकच केलं."

धाकटी चहा अर्धा ठेवून गेली. मावशींनी कप विसळला आणि दिवसभर त्यांचं कशात लक्ष लागलं नाही. दोन बोटांना कायदा, आणि अख्ख्या डोळ्याला मोसंबी, हे एकच वाक्य डोक्यात फिरत राहिलं.

कायदा झाल्यावर तर ऐकून ऐकून कान किटले. भाजीवाली म्हणाली, "तुम्ही त्या बाईंच्या बहीण ना? धन्य आहे हो त्यांची." मग जुडी बांधता बांधता तिने मावशींच्या डोळ्याकडे पाहिलं. "तुमचं काय, मोतीबिंदू बिघडला का?" मावशी हो म्हणाल्या. इस्पितळाच्या फलकावर कुणीतरी धाकटीचा फोटो लावला होता. जेवणाच्या सुट्टीत मावशींनी तो काढला आणि विचारणाऱ्याला सांगितलं, टाचणी गंजली होती, पडला असेल.

कायद्यानंतरचा पहिला हंगाम आला. आदल्या वर्षी त्या आठवड्यात एक्केचाळीस रुग्ण आले होते. या वेळी सहा आले. पट्ट्यांचे डबे तसेच्या तसे परत आले. मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतः खाली येऊन म्हणाल्या, "मावशी, बहिणीला माझा नमस्कार सांगा." मावशींनी मान डोलावली. सांगितला मात्र नाही.

त्या सहांतली एक मुलगी अकरा वर्षांची होती. फुलबाजीची ठिणगी डोळ्यात गेलेली. मैदानावरच्या नर्सने लगेच डोळा धुतला आणि तिला तडक पाठवलं, म्हणून नजर वाचली. मावशी वॉर्डात पट्ट्या द्यायला गेल्या तेव्हा मुलीने विचारलं, "ही कधी काढणार?"

"परवा."

"मग दिसेल ना?"

"दिसेल की."

मुलगी कूस बदलून निवांत झोपली. मावशींना त्या पोरीचा हेवा वाटला. बहिणीवर जळणं एकवेळ ठीक. पण या लेकरावर? मावशी जिन्याखालच्या आपल्या खोलीत जाऊन दार लावून बसल्या. स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी दुपारी त्या न सांगता धाकटीकडे गेल्या. ती स्वयंपाकघरात तीन बोटांनी मटार सोलत होती. मावशींनी समोर बसून सगळं सांगितलं. मोसंबी, फोटो, ती मुलगी, काही लपवलं नाही.

धाकटीने हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले. म्हणाली, "तुझा डोळा गेला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई तुझ्याशेजारी झोपायला लागली. साय तुला, खिडकीची जागा तुला. मी देवाला सांगायचे, माझाही एक डोळा घे."

"वेडी का काय तू?"

"तुझीच बहीण."

मावशींनी मटारांचं ताट आपल्याकडे ओढलं. थोड्या वेळाने धाकटीने सांगितलं की दुकानदारांनी कायदा सैल करायची मागणी केली आहे, त्यांना बाण परत आणायचे आहेत. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. या वेळी तिने 'बोल' म्हटलं नाही. मावशींनीच विचारलं, "किती वाजता?"

सुनावणीत मावशी चार मिनिटं बोलल्या. आपला डोळा कसा गेला ते सांगितलं, आणि वॉर्डात पट्टी निघायची वाट बघणाऱ्या त्या मुलीबद्दलही सांगितलं. पंधरा दिवसांनी निकाल लागला. बाणांवरची बंदी कायम राहिली.

पण सुनावणीच्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या उतरताना त्यांना हे ठाऊक नव्हतं. धाकटी म्हणाली, "ताई, माझ्यापेक्षा छान बोललीस."

"हो," मावशी म्हणाल्या, "मलाही तसंच वाटलं."